इंजिन न उतरवता स्टर्नड्राइव्हच्या स्टिअरिंगमधला खेळ काढता येतो का?

ओलकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे सुमारे साडेपाच मीटर लांबीची, पेट्रोल इंजिनाची जुनी बोट आहे. इंजिन बोटीच्या आत, ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) लागून आहे आणि लेग (प्रोपेलर असलेला, वळणारा खालचा भाग) बाहेर आहे, म्हणजे नेहमीची स्टर्नड्राइव्ह मांडणी. गेल्या दोन हंगामांपासून स्टिअरिंगमध्ये खेळ वाढत गेला आहे. चक्र चार बोटे फिरवले तरी लेग जागचा हलत नाही आणि त्यानंतर एकदम झटका बसून वळतो. वेगात असताना बोट सरळ ठेवण्यासाठी हात सतत इकडून तिकडे करावा लागतो. याच काळात बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, थोडेथोडे पाणी साचू लागले आहे. आतून टॉर्च मारून पाहिले, तेव्हा स्टिअरिंगची दांडी जिथून आत येते त्या चौकटीच्या खालच्या कडेपासून ट्रान्समवर तांबूस ओघळ उतरलेला दिसला.

दोन कारागिरांना दाखवले. दोघांनीही इंजिन बाहेर काढल्याशिवाय लेग वळवणाऱ्या वरच्या उभ्या शाफ्टला हात लावता येणार नाही, असे सांगितले. इंजिन उत्तम चालते आहे आणि त्याचे अलाइनमेंटही (लेगशी सरळ रेषेत असणे) व्यवस्थित आहे, त्यामुळे केवळ एका शाफ्टसाठी ते उचलायला मन धजत नाही. गिंबल हाउसिंगला, म्हणजे लेग धरणाऱ्या ट्रान्समवरच्या ओतीव भागाला, बाहेरून भोक पाडून हे काम करतात, असे ऐकले आहे. ज्यांनी ते प्रत्यक्ष केले असेल किंवा करून पस्तावले असतील, त्यांचे अनुभव हवे आहेत.

वंगण

भोकाची चर्चा करण्याआधी खेळ नेमका कोणत्या सांध्यात आहे ते निश्चित करा. चक्रापासून लेगपर्यंत निदान पाच ठिकाणी झीज होऊ शकते आणि त्यातल्या दोनच जागांसाठी हाउसिंग उघडावे लागते.

बोट किनाऱ्यावर, लेग खाली, चक्र एका माणसाने घट्ट धरलेले. दुसऱ्याने लेगच्या अगदी तळाचे स्थिर पाते, म्हणजे स्केग, दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवावा आणि तिसऱ्याने टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागे डोके घालावे. लेग हलतो आहे आणि आतली स्टिअरिंगची दांडीही हलते आहे, पण केबलचे टोक स्थिर आहे, असे दिसले तर दोष केबलच्या टोकाला असलेल्या पिनमध्ये आहे. ते काम अर्ध्या तासाचे. केबलसुद्धा हलत असेल तर दोष पुढे, चक्राच्या पेटीत किंवा केबलमध्येच आहे. लेग हलतो आणि आतली दांडी मात्र ढिम्म, असे असेल तर दांडी आणि शाफ्ट यांचा सांधा किंवा शाफ्ट आणि गिंबल रिंग (हाउसिंगमध्ये फिरणारी, लेग धरणारी कडी) यांचा सांधा गेलेला आहे. यानंतर लेग वरखाली उचलून पाहा. रिंग हाउसिंगच्या तुलनेत वरखाली किंवा पुढेमागे डुलत असेल तर बुश (शाफ्टभोवतीच्या आधाराच्या नळ्या) झिजले आहेत.

तुमच्या वर्णनावरून मला शाफ्ट आणि रिंग यांच्यातील चौकोनी सांध्याची शंका येते. पाण्याचा ओघळ हे त्याच शाफ्टवरच्या, पाणी अडवणाऱ्या सीलचे काम असावे.

ओलकाठ

आज तीन माणसे जमवून चाचणी केली. आतली दांडी तसूभरही हलली नाही. लेगचे मागचे टोक मात्र एकूण ३५ मिलिमीटर हलले. पट्टी लावून मोजले आहे. वरखाली खेळ आहे, पण किंचित.

खारट

३५ मिलिमीटर ऐकून घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. हिशोब असा आहे. फिरण्याच्या अक्षापासून लेगचे मागचे टोक साधारण ६०० मिलिमीटरवर असेल, तर एका अंशाच्या खेळाने ते टोक सुमारे १० मिलिमीटर हलते. म्हणजे तुमच्याकडे तीन ते साडेतीन अंशांचा खेळ आहे. आता हेच शाफ्टपाशी पाहा. चौकोनी टोकाची बाजू २० मिलिमीटर धरली तर मध्यापासून कोपरा १४ मिलिमीटरवर येतो. त्या कोपऱ्यापाशी एक अंश म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. थोडक्यात, तुमच्या रिंगमधले चौकोनी भोक कोपऱ्यांपाशी मिलिमीटरच्या आसपास खाल्ले गेले आहे आणि एवढ्याशा झिजेने बोट हाताबाहेर जाते.

ही झीज होण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आणि रिंग ॲल्युमिनियमची. रिंगच्या वरच्या भागाला चीर असते आणि दोन आडवे बोल्ट ती चीर आवळून शाफ्टला चिमट्यासारखे धरतात. जोपर्यंत चिमटा घट्ट आहे तोपर्यंत झीज जवळपास नाहीच. बोल्ट एकदा सैल झाले की प्रत्येक लाटेगणिक कठीण पोलाद मऊ धातूवर आपटत राहते आणि खारे पाणी त्या फटीत शिरून उरलेसुरले काम करते. मी उघडलेल्या रिंगमध्ये पांढरी भुकटी आणि करडे ग्रीस यांचा लगदा होता. तो बोटांवर चोळला तर चकाकी उमटत होती. ती चकाकी म्हणजे रिंगचाच धातू.

आधी एक करा. लेग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे एक बोल्ट हाताशी येतो. दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा. दोन्ही निर्मात्याच्या पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा आणि पुन्हा मोजा. चिरेत अजून फट उरली असेल आणि खेळ गेला असेल, तर तुम्ही सुटलात. चीर पूर्ण मिटली असूनही खेळ उरला असेल, तर रिंग संपली आहे. त्यानंतर बोल्टवर जोर काढाल तर बोल्ट तुटेल, एवढेच होईल.

भरती_ओहोटी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या बोटीत खेळ नाही, उलट चक्र फारच जड झाले आहे. तेही याच शाफ्टमुळे असेल का?

वंगण

केबलचे टोक दांडीपासून सोडवा आणि चक्र फिरवा. तरीही जड असेल तर केबल जाम आहे. तिच्या टोकाची दांडी ज्या नळीतून सरकते त्या नळीत जुने ग्रीस वाळून दगडासारखे होते. केबल सोडल्यावर चक्र हलके झाले आणि लेग हाताने ढकलायला जड गेला, तर बुश फुगले किंवा गंजाने धरले आहेत. पॉवर स्टिअरिंग असेल तर ही चाचणी इंजिन बंद ठेवून करावी. याचा स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे इथला विषय भरकटणार नाही.

ओलकाठ

बोल्ट आवळले. डाव्या बाजूची चीर पूर्ण मिटली. खेळ ३५ वरून २६ वर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे रिंग गेलीच.

एका परिचिताने सुचवले की शाफ्ट आणि रिंग यांना जागेवरच वेल्डिंग करून टाकावे. दुसऱ्याने रिंगमधून शाफ्टमध्ये आरपार भोक पाडून बोल्ट घालण्याचा उपाय सांगितला. यापैकी काही करण्याजोगे आहे का?

खारट

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांना साध्या वेल्डिंगने जोडता येत नाही, त्यामुळे पहिला उपाय तिथेच संपला. आरपार बोल्टचा उपाय काही जण करतात आणि थोडे दिवस तो चालतोही. परंतु शाफ्ट नेमका जिथे सर्वात जास्त पीळ सोसतो तिथेच तुम्ही त्याला भोक पाडता. शाफ्ट तुटला तर स्टिअरिंग अजिबात उरत नाही. मी ती जोखीम वेगात धावणाऱ्या बोटीत घेणार नाही. स्टेनलेसच्या पातळ पत्र्याची पट्टी घालून सांधा भरणे हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी प्रकार आहे, मात्र तो हंगाम संपेपर्यंतची मलमपट्टी समजावा.

नांगरधारी

मी इंजिन काढण्याच्या बाजूचा आहे आणि कारणे देतो. गिंबल हाउसिंग हा ट्रान्समला बाहेरून बसवलेला, बोटीला पाण्यापासून वाचवणारा ओतीव भाग आहे. स्टिअरिंगची दांडी त्याच्या वरच्या पोकळीत असते आणि ती पोकळी बोटीच्या आत उघडते. म्हणजे बाहेरून पाडलेले भोक हे थेट बोटीला पडलेले भोक असते. बोट उभी असताना हा भाग पाण्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली असतो. त्या भोकावरचे बूच गळले तर तुमच्या आजच्या थेंबांऐवजी धार लागेल.

दुसरे असे की जिथे इतकी वर्षे पाणी झिरपले, तिथे ट्रान्सममधले लाकूड शाबूत आहे कशावरून? इंजिन काढले तर ट्रान्समची पूर्ण तपासणी होते, हाउसिंगमागचे पॅकिंग बदलता येते आणि इंजिनाचे मागचे माउंटही (आधार) हाताशी येतात.

वंगण

नांगरधारी यांचा ट्रान्समविषयीचा मुद्दा मला पटतो. त्यासाठी मात्र इंजिन काढावेच लागते असे नाही. आतून, ओघळाच्या आजूबाजूला, लाकडी मुठीने टकटक करत जावे. टणक आवाज येत असताना मध्येच तो बद्द झाला, तर ती जागा संशयास्पद. तिथला एखादा स्क्रू काढून भोकात बारीक ड्रिल हाताने फिरवावे. भुसा कोरडा आणि फिका आला तर ठीक. काळपट, ओला, कुजल्याचा वास येणारा आला, तर स्टिअरिंगचा विचार सोडा आणि ट्रान्समचे काम काढा. तसे झाले तर इंजिन बाहेर येणारच आहे.

इंजिन पूर्ण न उचलता माउंट सोडून ते पुढे १५-२० सेंटिमीटर सरकवणे हाही एक मधला मार्ग आहे. एक्झॉस्टचे होज, इंधनाची नळी, वायरिंग आणि केबल सोडाव्या लागतात, हाउसिंगला भोक पडत नाही. पण इंजिन हलले की अलाइनमेंट नव्याने करणे आले.

खारट

मी हाउसिंगला भोक पाडून केलेले काम सविस्तर सांगतो, कारण अवघड भाग भोक पाडण्याचा नसून त्याच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

सर्वप्रथम बॅटरी सोडली आणि इंजिनाचे झाकण दिवसभर उघडे ठेवले. पोकळी आत उघडते, म्हणजे ड्रिलच्या ठिणग्या आणि पेट्रोलची वाफ एकाच हवेत येऊ शकतात. त्यानंतर लेग काढला. तो जड असतो, तेव्हा एकट्याने धरण्याचा मोह टाळावा आणि ज्या गिअरमध्ये ठेवून काढायचा असे पुस्तिका सांगते त्यातच ठेवावा, नाहीतर गिअर बदलणारी यंत्रणा अडकते. मग लेग वरखाली करणारे ट्रिमचे सिलिंडर आणि लेग व रिंग यांना जोडणारे बेलहाउसिंग काढले. बेलहाउसिंगच्या बिजागरीच्या पिना आटे जाम करणाऱ्या द्रावणाने चिकटवलेल्या असतात. थोडी उष्णता दिल्याशिवाय त्या सुटत नाहीत. घाईत षटकोनी खाच गोल झाली की पुढचा दिवस वाया गेला, असे समजा. माझा गेला होता.

आता रिंग एकटी उरते. खालची पिन निघाली की ती केवळ वरच्या शाफ्टवर लटकते. या शाफ्टचा वरचा नट आणि दांडीचा चिमटा पोकळीत आहे आणि इंजिनाच्या बाजूने तिथे दोन बोटे जातात, पाना जात नाही. म्हणूनच भोक.

भोकाची जागा अंदाजाने ठरवू नये. आपल्या मॉडेलसाठी छापील साचा मिळत असेल तर तो वापरावा. नसेल तर आतून बारीक तार घालून नटाची उंची आणि बाजू बाहेर उतरवून घ्यावी. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून तारेने खात्री करावी आणि मगच होल सॉ (मोठे गोल भोक कापणारे दातेरी पाते) लावावा. मी पोकळीत ग्रीस लावलेले फडके कोंबले होते, त्यामुळे धातूचा कीस त्यात अडकला. होल सॉ सावकाश, तेलाचे थेंब टाकत चालवला. ॲल्युमिनियम तापले की दातांना चिकटते आणि मग भोक वाकडे होते.

नट सोडण्याआधी दांडी आणि शाफ्ट यांच्यावर एकच सरळ खूण ओढा. शाफ्ट खाली उतरताना दांडीखालचा वॉशर पोकळीत पडतो आणि तो शोधण्यात संध्याकाळ जाते, म्हणून मी त्याला आधीच दोरा बांधला होता. शाफ्ट निघाल्यावर जुने सील उपटण्यापूर्वी त्याचा ओठ कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो काढून ठेवा. नवे बुश आणि सील सरळ बसवण्यासाठी आटे असलेली लांब दांडी, दोन जाड वॉशर आणि नट यांनी ओढून घ्या. हातोड्याने ठोकलेले सील एका बाजूला चेपले जाते आणि मग सगळी मेहनत गळून जाते, अक्षरशः.

नवी रिंग, नवा शाफ्ट. जुना शाफ्ट दिसायला चांगला असला तरी परत वापरू नये. त्याच्या कोपऱ्यांवर नख फिरवून पाहा, खाच लागते. वरचा नट आवळताना रिंग मोकळी फिरली पाहिजे आणि वरखाली खेळ पुस्तिकेतील मर्यादेत फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून ठेवला पाहिजे. चिमट्याचे बोल्ट टॉर्क पान्यानेच.

नांगरधारी

आणि बूच?

खारट

भोकाला पाइपचे निमुळते आटे पाडले. बूच ॲल्युमिनियमचे किंवा चांगल्या नायलॉनचे घ्यावे. पितळेचे बूच दुकानात सहज मिळते, पण खाऱ्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि दोन हंगामांत आटेच उरत नाहीत. पाण्याखाली वापरण्याचे सीलंट आट्यांवर लावले, उघड्या धातूवर आधी प्रायमर आणि मग रंग दिला. त्या रंगात तांबे नसावे, कारण तांब्याचा शेवाळरोधक रंगही ॲल्युमिनियमला तसाच खातो. तुमची शंका रास्त आहे. बूच म्हणजे बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हसारखीच जबाबदारी आहे आणि दरवर्षी तपासणीच्या यादीत ते हवे.

लेग काढलेला असतानाच गिंबल बेअरिंग (इंजिनाकडून लेगकडे जाणाऱ्या शाफ्टचे) बोटाने फिरवून पाहावे. खरखर लागली तर तेही आताच बदलावे, आणि बेलोज (पाणी अडवणाऱ्या घड्यांच्या रबरी नळ्या) कडक झाले असतील तर तेसुद्धा. अलाइनमेंटची दांडी बेअरिंगमधून दोन बोटांच्या जोराने आत गेली पाहिजे. इंजिन हलवलेले नसल्यामुळे ती जायलाच हवी, पण तपासायला फुकट आहे.

ओलकाठ

तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

ट्रान्सम टकटक करून पाहिला. सगळीकडे टणक आवाज आला आणि स्क्रूच्या दोन भोकांतून कोरडा भुसा निघाला, म्हणून भोकाचा मार्ग घेतला. माझी पहिली चूक अशी झाली की ३ मिलिमीटरचे भोक नटाच्या एक बोट वर आले. तारेची खात्री न करता होल सॉ लावला असता तर दोन मोठी भोके झाली असती. ते छोटे भोक नंतर मोठ्या भोकाच्या पोटात गेले, हे नशीब. दोरा बांधलेला वॉशर खरोखरच सुटून लोंबकळला, त्याबद्दल खारट यांचे विशेष आभार.

जुन्या रिंगमधले भोक चौकोनी म्हणवत नाही. कोपरे गोलसर झाले आहेत आणि एका बाजूला शाफ्टच्या कडेने घळ पाडली आहे, तिच्यात नखाचे टोक सहज मावते. सील काढले तर त्याचा रबरी ओठ पावाच्या चुऱ्यासारखा हातात आला. बिल्जमधले पाणी तिथूनच येत होते.

बोट पाण्यात सोडल्यावर इंजिन चालू न करता अर्धा तास आत टॉर्च घेऊन बसलो. बुचाभोवती कोरडा टिश्यू फिरवला, कोरडाच राहिला. लेगचा खेळ आता जवळपास ३ मिलिमीटर आहे आणि तो केबलच्या पिनमधला दिसतो. वेगात बोट सरळ जाते. अगदी मंद वेगात मात्र नाक अजूनही किंचित इकडेतिकडे करते. ते कशामुळे?

वंगण

मंद वेगात थोडे भटकणे हा स्टर्नड्राइव्हचा स्वभाव आहे. लेगवरून पाणी पुरेशा जोराने वाहत नाही आणि बोटीचा तळही व्ही आकाराचा असतो. चक्र सतत दुरुस्त करत बसलात तर भटकणे वाढते. थोडा वेळ हात स्थिर ठेवून पाहा. केबलची पिन मात्र बदला.

नांगरधारी

काम नीट झाले, हे मान्य करतो. माझे मत ट्रान्सम ओला असेल तिथे कायम आहे. चिमट्याचे बोल्ट दहा तास बोट चालवल्यानंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण नवी रिंग शाफ्टवर बसते तेव्हा थोडी जागा घेते. किती फिरले ते इथे कळवा.

ओलकाठ

केबलची पिन बदलली आणि अकरा तासांनंतर बोल्ट तपासले. डाव्या बोल्टने साधारण एक अष्टमांश फेरा घेतला, उजव्याने काहीच घेतला नाही. दोन्ही बाजूंच्या चिरेत अजून फट शिल्लक आहे.